थोरल्याचे ताट

बेपत्ता माणसाविषयी अर्ज लिहून घेण्यासाठी कोणी माझ्यासमोर येऊन बसले, म्हणजे मी प्रथम एक प्रश्न विचारतो. तो कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. घरी त्या माणसाचे ताट अजून मांडले जाते काय? लोक चमकतात. एका म्हाताऱ्याने तर "आप अर्ज़ी लिखिए, रसोई में मत घुसिए" असे मला सुनावले होते. परंतु उत्तर मिळाल्यावाचून मी लेखणी उचलत नाही. ताट मांडले जात असेल तर अर्जाची भाषा एक होते, नसेल तर दुसरी. माझे शिक्षण आठवीच्या पुढे गेले नाही. तरीही कचेरीच्या आवारातील लिंबाखाली माझे आसन कित्येक वर्षे अढळ आहे आणि नव्या पिढीचे वकील आपले मसुदे माझ्याकडून हळूच तपासून नेतात. हे मी अभिमानाने सांगत नाही. वाचकाने माझ्या शब्दावर कितपत विसंबावे, हे त्यास ठरवता यावे म्हणून सांगतो.

दिवसभर मी हिंदीत लिहितो. पुढील हकीकत मात्र मराठीत लिहीत आहे, कारण ती आमच्या उंबऱ्यावर घडली आणि तो उंबरा मराठी होता.

आमचे बालपण ग्वाल्हेरात, टोपी बाजाराच्या मागील एका अरुंद गल्लीत गेले. घराण्यातील पुरुष कधी काळी घोड्यांवरून दक्षिणेतून इकडे आले, असे सांगत असत. माझ्या वेळेपर्यंत घोडे देवघरातील चांदीच्या टाकांवरच उरले होते. माझे वडील बिर्ला नगरच्या गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. हिवाळ्यात पहाटे ते सायकलवर निघत आणि गल्लीच्या वळणापाशी पोहोचण्यापूर्वीच धुक्यात नाहीसे होत. सायकलची घंटी मात्र पुढे बराच वेळ ऐकू येई. ग्वाल्हेरचे धुके ज्याने पाहिले नाही, त्यास हे समजणे कठीण आहे. त्यात माणूस आधी दिसेनासा होतो आणि मग पुष्कळ वेळाने ऐकू येईनासा होतो. वरचा किल्ला तर पौष-माघात दिसतच नसे. एखाद्या दिवशी दुपारी त्याची तटबंदी तेवढी आभाळात प्रकट होई, खाली डोंगर नसलेली. आम्ही मुले ती पाहून ओरडत असू. गिरणीचा भोंगा कोरड्या दिवसांत दुरून येई. धुक्यात तो आमच्याच परसातून वाजल्यासारखा वाटे.

अशाच एका धुक्याच्या सकाळी माझा थोरला भाऊ घराबाहेर पडला. त्याच्या ओठांवर नुकती लव आली होती. त्याचा एक मित्र फौजेत भरती होण्यासाठी जात होता, त्यास गाडीत बसवून यायचे होते. आई चुलीपाशी होती. तिने विणलेला खाकी रंगाचा स्वेटर दोरीवर दमट होता, म्हणून त्याने तो घातला नाही.

"गळा धरेल रे," आई म्हणाली.

"नाही धरत. आलो की जेवतो. गरम ठेव."

हे त्याचे शेवटचे शब्द मी अंथरुणातून ऐकले. मित्राने पुढे सांगितले की गाडी हलली तेव्हा थोरला फलाटावर उभा होता, हात हलवत होता, आणि मग धुके आडवे आले. त्यापलीकडे कोणासही काही ठाऊक नाही. वडिलांनी स्टेशने पालथी घातली, पोलिसांनी नोंद घेतली, एका ज्योतिषाने पूर्व दिशा सांगितली आणि दुसऱ्याने दक्षिण.

आईने त्या दुपारी ताट गरम ठेवले होते. संध्याकाळी तिने नवे वाढले. पुढे रोज संध्याकाळी आम्हा सर्वांबरोबर थोरल्याचेही ताट मांडले जाऊ लागले. पितळेचे, वर तसेच दुसरे ताट पालथे झाकलेले. सकाळी ते अन्न गायीला जाई. मी शाळेत निघण्यापूर्वी झाकण उचलून पाहत असे. भातावर झाकणाचे पाणी थेंबाथेंबाने गळलेले असे, आणि कोणीतरी वरून वाकून रडून गेल्यासारखा तो भात दिसे. एके सकाळी पोळीचा कोपरा तुटलेला होता. मी धावत जाऊन आईस सांगितले. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "मांजर आहे." झाकण जड होते, मांजराच्याने उचलले गेले नसते, हे तिलाही ठाऊक होते. पण खोटी खूण तिला नको होती. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे जे घडले त्यात आईच्या साक्षीचे मोल यावरूनच ठरते.

पुढील पावसाळ्यात मला तापाने धरले. ताप उतरे आणि पुन्हा चढे. औषधाचा गुण येईना. तेव्हा माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, खासगी बाजार या मोहल्ल्यातून आमच्याकडे राहावयास आली. कुळाचार तिच्या मुखी होता आणि घरात तिचा शब्द शेवटचा. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि त्या झाकलेल्या ताटाकडे पाहिले.

"थोरल्याला घरात जागा नाही म्हणून तो धाकट्याच्या अंगाशी येतोय," ती म्हणाली. "त्याचा टाक करा."

येथे अनभिज्ञ वाचकासाठी सांगणे अवश्य आहे. आमच्या कुळात जो पुरुष रणात किंवा अकाली जाई, त्यास वीर म्हणत. चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून तो टाक देवघरात ठेवत. धुळवडीच्या दिवशी घरातील एखाद्या मुलास फेटा बांधून, त्या वीराचे एखादे वस्त्र असल्यास ते घालून, हातात खोबऱ्याच्या वाटीत टाक देऊन पाण्यावर नेत. त्या वेळेपुरता तो मुलगा मुलगा नसे, वीर असे. वडीलधारेही त्यास 'आपण' म्हणत. त्याच्या तोंडात अखंड विडा ठेवलेला असे, कारण वीराने स्वतः बोलावयाचे नसते. परत आल्यावर घरची बाई उंबऱ्यावर ठरलेले प्रश्न विचारी आणि वीराची उत्तरे बरोबरची बाई देई. मग पायांवर पाणी घालून त्यास आत घेत. एकदा आत घेतला की तो कायमचा देवघरातला होई.

"वन्सं, तो गेलेला नाही," आई म्हणाली.

"मग कुठं आहे? बोल ना. दाखव."

"मला नाही माहीत. पण गेलेला नाही."

"अगं, फालतूची जिद्द करतेस. तू त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवला आहेस, कळतंय का तुला?"

"ताट मांडते मी रोज. दाराबाहेर कसा?"

"ताट जित्याचं असतं, टाक मेल्याचा. दोन्ही एका घरात नाही राहत. त्यात हे पोर सुकून चाललंय." आत्या वडिलांकडे वळली. "तू सांग रे हिला."

वडील फाटकावर शेकडो माणसांना अडवत, पण घरात त्यांना कोणालाही अडवता येत नसे. ते म्हणाले, "अक्का म्हणते तसं करू." आईने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ती माझ्याकडे पाहत होती. एक मुलगा घरात ठेवायचा तर दुसऱ्यास मेलेला म्हणावयाचे, असा तो व्यवहार होता, आणि तो तिच्या तोंडूनच पुरा व्हावयाचा होता.

ताप ओसरल्यावर वडील मला घेऊन सोनाराकडे गेले. सोनार आमच्यातलाच, डोळ्याला भिंग लावून बसणारा. त्याने विचारले, "घोड्यावर की पायी?"

"पायी," वडील म्हणाले. "पायीच गेला."

"हातात काय देऊ? तलवार की भाला?"

वडिलांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. "त्याच्या हातात काही नव्हतं."

"रिकाम्या हाताचा ठसा नसतो, साहेब. तलवार देतो. चांगली दिसेल."

अशा रीतीने मित्रास पोहोचवावयास गेलेला माझा भाऊ तलवार घेऊन चांदीत उमटला. त्यास मिशा होत्या आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. घरी आल्यावर आईने तो टाक हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि परत दिला. "हा कोण आहे?" एवढेच ती म्हणाली. तो टाक धुळवडीपर्यंत लाल फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवला होता. त्या कोनाड्याकडे पाठ करून मला झोप येत नसे, आणि तोंड करूनही येत नसे.

धुळवड उजाडली. ग्वाल्हेरच्या होळीत त्या काळी माणसे एकमेकांच्या तोंडास चंदेरी रंग फासत, जो फाटकांना आणि लोखंडी पिंपांना लावतात तो. सकाळचे दहा वाजेपर्यंत गल्लीत एकही ओळखीचा चेहरा उरत नसे. सर्वांना तेच एक तोंड. अशा गल्लीतून मला वीर म्हणून न्यावयाचे होते. आत्याने मला उपाशी ठेवले, फेटा बांधला, आणि आईने पेटीतून तो खाकी स्वेटर काढून माझ्या अंगात घातला. बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. तिने त्या दुमडल्या नाहीत. फाल्गुनाच्या उन्हात लोकर टोचत होती, आणि तिच्या आतून थोरल्याचा, किंवा पेटीतल्या डांबरगोळ्यांचा, वास येत होता.

"आपण निघावं," आत्या मला म्हणाली. मी विडा दातांत धरला.

पुढे वडील काशाची थाळी वाजवत, मध्ये मी, मागे आत्या. नाक्यावरचा हलवाई गुलालाने लालभडक होऊन बसला होता. तो ओरडला, "अरे छोटे सरकार! घोड़ा कहाँ छोड़ आए?" त्याची बायको आतून कडाडली, "चुप रहो जी, देवता है उनका." गल्ली हसली आणि मग हसणे एकदम थांबले.

गल्लीच्या टोकाच्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, चंदेरी तोंडांची एक टोळी अंग धूत होती. आम्हाला पाहून ती बाजूस झाली. आत्याने टाक पाण्यात बुडवला. मी मान वर केली, तेव्हा खालच्या पायरीवर एकजण निराळा उभा असलेला दिसला. बाकीच्यांचे दात दिसत होते, त्याचे दिसत नव्हते. रंग कानांपर्यंत आणि पापण्यांपर्यंत चढलेला, केस चिकटलेले. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तो स्वेटरकडे पाहत होता. माझ्या हातातील वाटीत पाणी निथळणारा टाक होता आणि समोर तशाच रंगाचा तो चेहरा. मी वडिलांकडे पाहिले. ते थाळी वाजवत होते, डोळे मिटून. पुन्हा पाहिले तेव्हा त्या पायरीवर ओली पावले होती आणि टोळी आमच्या मागोमाग वर येत होती.

परतताना ती मंडळी आमच्या मागे चालत राहिली. वीराच्या मागे चालणे पुण्याचे, असे कोणी त्यांना सांगितले असेल. आमच्या दारी येईपर्यंत माझ्या पाठीशी बरीच गर्दी झाली होती. आई उंबऱ्याच्या आत तांब्या घेऊन उभी होती. आत्या माझ्या डाव्या हातास.

"कुठून आलात?" आईने विचारले.

"रणातून आलो," आत्या म्हणाली.

"काय आणलंत?"

"घराण्याचं नाव आणलं."

"काय हवं?"

"उंबरा हवा."

आता आईने पाणी घालावयाचे होते. तिने तांब्या वाकवला नाही. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर होती, ती हळूहळू वर गेली, फेट्याच्या वर, आणि माझ्या मागे कोठेतरी स्थिरावली. तिने जे विचारले ते कुळाचारात नव्हते.

"जेवलास?"

आत्या गोंधळली. थाळी थांबली. मी विडा इतका घट्ट धरला होता की पानाच्या शिरा जिभेला लागत होत्या. आणि तेव्हा "हो" असे ऐकू आले.

एकच अक्षर. बसलेल्या गळ्याचे, सर्दी झालेल्या माणसाचे.

तो आवाज माझा नव्हता. हे मी आज, लेखणीची पूर्ण जबाबदारी ओळखून, लिहीत आहे. मी वळू पाहिले, परंतु आत्याने माझे खांदे धरले. वीराने उंबऱ्यावर मागे पाहावयाचे नसते. पाण्याची धार पायांवर पडली, गार, आणि मला आत ओढण्यात आले. खिडकीतून मी पाहिले तेव्हा गल्लीत चंदेरी पाठी पांगत होत्या. सर्व सारख्याच.

त्या संध्याकाळी आईने थोरल्याचे ताट मांडले नाही. वडिलांनी रिकाम्या जागेकडे पाहून हळू विचारले, "आज ताट?"

"जेवलाय तो. तुम्ही ऐकलं नाही का?" आई भात वाढत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "गळा बसलाय त्याचा. स्वेटर नेला नाही ना."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले, कौतुकाने, काहीशा आभारानेही. ते 'हो' मीच म्हटले आणि आईची समजूत घातली, असे त्यांनी गृहीत धरले होते. आत्याच्या मते टाक बोलला. दुसऱ्या दिवसापासून वडील देवघरात त्या मिशाळ टाकावर फूल वाहू लागले आणि मरेपर्यंत म्हणत राहिले, "बसला बाबा तो जागेवर." आईने ताट पुन्हा मांडले नाही, पण त्या टाकास ती कधी हात जोडीत नसे. तिच्या मते तिचा मुलगा कोठेतरी होता आणि वेळेवर जेवत होता. दोघांची मने त्या एका अक्षराने शांत झाली, परस्परविरुद्ध कारणांनी, आणि एकमेकांना कधीही त्यांनी त्याविषयी विचारले नाही. मला पुन्हा ताप आला नाही.

दरवर्षी धुळवडीस मी वीर झालो. स्वेटर अंगाला बसू लागला, मग घट्ट झाला. ज्या वर्षी मी थोरल्याच्या वयाचा झालो, त्या वर्षी उंबऱ्यावर आई मला इतका वेळ पाहत राहिली की पाणी सांडून गेले. त्यानंतर मी त्याच्याहून मोठा झालो आणि स्वेटर खांद्यावर टाकून चालू लागलो. आत्या गेली, वडील गेले, गिरणीचा भोंगा बंद झाला. आत्याच्या जागी शेजारची एक वृद्ध काकू उत्तरे देऊ लागली. आई मात्र ठरलेले प्रश्न संपल्यावर दरवर्षी माझ्या डोक्यावरून पाहत "जेवलास?" असे विचारी. पुन्हा कधी उत्तर आले नाही. ती थोडी थांबे, मान हलवी आणि पाणी घाली. एकदा उत्तर मिळाले होते, तेवढे तिला पुरले.

गेल्या हिवाळ्यात, धुके असतानाच, आई वारली.

या धुळवडीस वीर होण्यासाठी घरात दुसरे कोणी नव्हते. मला एकच मुलगी, ती नोकरीनिमित्त नोएडात असते. तेव्हा पिकल्या केसांवर फेटा बांधून, कसरीने खाल्लेला स्वेटर खांद्यावर घेऊन मीच गेलो. बावडीस आता जाळी बसवली आहे. नळाच्या पाण्याने टाक धुतला. पोरे मोबाइलवर चित्रे काढत मागून येत होती. उंबऱ्यावर आईच्या जागी माझी पत्नी उभी होती. तिने कागदावरून पाठ केलेले प्रश्न विचारले, काकूने उत्तरे दिली, आणि पत्नीने तांब्या उचलला.

"घाल ना गं पाणी, ऊन केवढं आहे," काकू म्हणाली.

पत्नी थांबली होती, कारण मी पाय मागे घेतला होता. कोणी काहीही विचारले नव्हते, आणि माझ्या पाठीमागे, अगदी मानेपाशी, कोणीतरी विचारले जाण्याची वाट पाहत आहे असे मला वाटले. मी तोंडातून विडा काढला. कुळाचार मोडला.

"विचार," मी पत्नीस म्हणालो.

"अहो, विचारलं की सगळं."

"जेवलास का, ते विचार. आई विचारायची."

"कोणाला? तुम्हाला? तुम्ही तर सकाळपासून उपाशी आहात!" काकू हसून म्हणाली. पत्नी हसली नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग, आईसारखीच, माझ्या डोक्यावरून पलीकडे.

"जेवलास?" तिने विचारले.

मी ऐकत राहिलो. गल्लीत कोठेतरी पाण्याची मोटार चालू होती. उत्तर आले नाही. कचेरीत माझा नियम असा की विचारणेस उत्तर न आल्यास समोरच्यास काही म्हणावयाचे नाही असे धरावे, आणि कागद पुढे सरकवावा. हा नियम मी शेकडो लोकांना समजावला आहे. त्या उंबऱ्यावर तो मला लावता आला नाही. थोरला कोठेतरी जेवतो आहे असे मानणारे एकच माणूस या जगात होते, आणि ते आता नव्हते.

पाणी पायांवर पडले. आत जाताना मी चौकटीत जरा बाजूस सरकलो आणि मागून एक माणूस येईल एवढी जागा सोडली. नंतर दार लावून घेतले.

संध्याकाळी पत्नीने आम्हा दोघांची ताटे घेतली. मी माळ्यावरून पितळेची जुनी दोन ताटे काढली, घासली, एक तिच्यासमोर ठेवले आणि दुसरे झाकणासाठी हातात धरून उभा राहिलो. तिने काही विचारले नाही. भात वाढला, वर तूप घातले.

"गरम आहे तोवर झाका," ती म्हणाली.